तिसऱ्या बाळाचा फोन

रविवार, ३ तारीख

आज मी ताईच्या जुळ्यांचं तिळं केलं. फोनवरून.

हे लिहायला बसलोय ते हौसेनं नाही, ताईनं शिक्षा दिलीय. म्हणाली, "आजपासून तू जे जे उद्योग करशील ते लिहून काढ. लिहिताना तरी लाज वाटेल." अर्धा तास झाला, लाज अजून वाटलेली नाही, बोटं मात्र दुखायला लागलीत. शाळा सुटल्यापासून मी एवढं कधी लिहिलेलं नाही. शाळेतही शेवटचं मोठं लिखाण म्हणजे माफीपत्र होतं.

वही कुठली असायला? दुकानातलं जुनं तक्रार-रजिस्टर उचलून आणलंय, त्यात निम्मी पानं कोरी आहेत. आमचं दुकान वॉशिंग मशीन दुरुस्तीचं. पानावर तीन रकाने छापलेत: ग्राहक, तक्रार, काय केले. मी सरळ तिन्हींवरून आडवा चाललोय.

तर मुद्दा. दुकानात आम्ही दोघंच, मालक आणि मी. फोनवर मात्र आम्ही पाच जण असतो. फोन वाजला की मी आधी मंजूळ आवाजात "नमस्कार, तक्रार विभाग" म्हणतो, मग "एक मिनिट हं, साहेबांना देते", मग घसा खाकरून मीच साहेब. गिऱ्हाइकाला वाटतं, बापरे, केवढी कंपनी. मालक मला पोपट म्हणतात. जेवायची सुट्टी मात्र पाचांत मिळून एकदाच.

ताईला सातवा महिना. दाजी ट्रक चालवतात, चार-चार दिवस घराबाहेर, म्हणून सध्या ती आईकडे, म्हणजे माझ्या खोलीत, आणि मी बाहेर सोफ्यावर. तिच्या हॉस्पिटलात एक नर्स आहे, जुळी असलेल्या बायकांचं सगळं तीच बघते. आम्ही तिला जुळ्यांची सिस्टर म्हणतो. ती प्रत्येक वाक्याआधी "अंहं" करून खोकते आणि शेवटी "कळलं का बाळ" म्हणते. असा आवाज ऐकून माझ्यासारख्यानं गप्प बसायचं म्हणजे अन्यायच की नाही?

दुकानाचा नवा फोन खिशात टाकून आणला, घराच्या जिन्यात उभा राहिलो, आणि लावला ताईला. "अंहं. तुमची सोनोग्राफी डॉक्टरांनी परत पाहिली. दोघांच्या मागे एक तिसरं लपलेलं दिसतंय. अंहं. घाबरायचं नाही, कळलं का बाळ."

आत आईच्या हातातून पातेलं पडलं. ताईनं रडत दाजींना फोन लावला. दाजींनी तिकडे ट्रक कडेला घेतला आणि ओरडले, "तीन? अगं पाळणा ठेवायला जागा एकाची नाही!" मग मी दार ढकलून आत गेलो आणि अंहं केलं.

आईनं झाडू काढला. दाजी आधी शिव्या देत होते, मग हसायला लागले. ताईनं दोन्ही हात पोटावर ठेवून मला विचारलं, "दोनच आहेत ना रे?" म्हटलं, "दोनच." "खरंच दोनच?" "अगं हो." थोड्या वेळानं परत, तिसऱ्यांदा. विनोद इतका समजावून सांगावा लागला की त्यातली मजाच जाते. पूर्वी ताईला लगेच कळायचे.

शेवटी म्हणाली, "यापुढे अनोळखी नंबरवरून कुणी अंहं केलं ना, तर सरळ नालायक म्हणून फोन ठेवणार आहे."

"ठेव," म्हटलं. माझं काय जातंय.

सोमवार, ४ तारीख

आईनं फर्मान काढलं, ताईला तपासणीला तू घेऊन जायचं. गेलो.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला घेतली. मी विचारलं, "ताईला काही त्रास तर नाहीये, मग कशाला?" तर म्हणाल्या, त्रास नसतानाही जंतू असू शकतात. पोटात दोन-दोन असली की वजन दुप्पट, खालच्या नळ्या दबतात, लघवी साचून राहते, आणि साचलं की जंतूंचं फावतं.

मी म्हटलं, "म्हणजे ड्रममध्ये दुप्पट कपडे कोंबले की मागचा पाईप दबतो, पाणी निघत नाही, आणि मग वास मारतो तसं."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तसं. फक्त बहिणीला मशीन म्हणू नकोस."

मग हसू आवरून ताईला म्हणाल्या, "जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर ताप येतो, आणि तापाच्या मागे कळा येतात. जुळी तशीही लवकर यायला टपलेली असतात, त्यांना निमित्त नको. आत्ता सत्तावीस आठवडे झालेत. आत्ता आली तर एकेक किलोचीसुद्धा भरायची नाहीत." जंतू सापडले तर लगेच गोळ्या, आणि ताप आला तर घड्याळ न बघता इकडे यायचं.

ताईनं विचारलं, "रिपोर्ट कधी कळेल?"

जुळ्यांची सिस्टर म्हणाली, "अंहं. बुधवारी. जंतू असतील तर मी स्वतः फोन करीन. नसतील तर फोन नाही. कळलं का बाळ."

मी ताईच्या मागे उभा राहून तिच्याबरोबर ओठ हलवत होतो. ताईनं मागे न बघता चिमटा काढला. तिला मागे डोळे आहेत, लहानपणापासून.

परत येताना बसमध्ये म्हणाली, "बुधवारी फोन केलास तर याद राख."

मी म्हटलं, "अंहं. मी कशाला करीन, बाळ?"

बसमधली एक म्हातारी पण हसली.

बुधवार, ६ तारीख

आज दुकानात फार काम. दुपारी जरा फुरसत मिळाली तेव्हा आईला पाणीपुरवठ्याचा माणूस होऊन फोन केला, उद्या पाणी बंद, भरून ठेवा. बिचारीनं चहाचे कपसुद्धा भरून ठेवलेत.

संध्याकाळी घरी आलो तर ताई म्हणते, "आजचा मात्र झक्कास होता हं."

म्हटलं, "आवडला?"

"खोकला तर हुबेहूब. मी पण सोडते का? सरळ विचारलं, तिसरं कसं आहे हो? आणि नालायक म्हणून ठेवून दिला. नंबर पण बंद करून टाकलाय तुझा, आता कितीही लाव, लागायचा नाही. नाव असं दिलंय की वाचलंस तर जेवण जायचं नाही. किती नंबर बाळगतोस रे?"

आता, पाणीपुरवठ्याचा माणूस खोकला नव्हता. आणि फोन मी आईला केला होता, ताईला नाही. हे मला तेव्हाच जरा खटकलं. पण तीन दिवसांनी ताई माझ्याशी हसून बोलत होती. आणि कुणी कौतुक करत असताना मध्येच "तो मी नव्हेच" म्हणायची आपल्याला सवय नाही. कौतुक येतं कुठे रोज.

म्हटलं, "अजून थोडा सराव हवाय."

"नको," ताई म्हणाली. "आता बास."

गुरुवार, ७ तारीख

ताईचं काहीतरी बिनसलंय. दुपारी एवढ्या उकाड्यात पंखा बंद करायला लावला. दर दहा मिनिटांनी बाथरूम. मी दारावर कागद चिकटवला: 'कृपया रांगेत यावे'. ताईनं फाडला. जेवली नाही. कंबर दुखते म्हणते, उजव्या बाजूला. मी म्हटलं, उजवीकडचं बाळ लाथा मारत असणार, डावीकडचं शहाणं आहे, मामावर गेलंय.

आई म्हणते, सातव्यात असंच होतं, तुझ्या वेळी मला पण व्हायचं.

पण ताई खूश आहे. म्हणाली, "सिस्टरचा फोन नाही आला. म्हणजे रिपोर्ट चांगला." आणि पोटावर दोन टिचक्या मारल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे.

मी पण म्हटलं, चला, बरं झालं.

रविवार, १० तारीख

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाईट आहे. एरवीही असतं, पण आज रजिस्टर मांडीवर आहे.

काल सकाळी दुकानात मालक चहा ओतत होते. मी त्यांना माझी बढाई सांगत होतो. म्हटलं, मालक, आता माझं नाव इतकं झालंय की मी न केलेल्या फोनचंही कौतुक होतं. आणि बुधवारची गोष्ट सांगितली. खोकला हुबेहूब, तिसरं कसं आहे हो, सगळं आवाजांसकट.

मालक हसले. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग फोन कुणी केला?"

मी पण हसत होतो. हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

मालकांनी परत विचारलं नाही. गाडीची किल्ली उचलली.

घरी आलो तर ताई दोन पांघरुणं घेऊन पडलेली, दात वाजतायत. आई कपाळावर ओला फडका ठेवून म्हणते, "सकाळपासून बारीक कणकण होती, आत्ता चढलाय." थर्मामीटर लावला, एकशे दोन. आई फडका भिजवायला आत गेली, तेव्हा मी म्हटलं, "ताई, बुधवारचा फोन मी केला नव्हता."

ताईनं दोन्ही पांघरुणं ढकलली. मग म्हणाली, "मला उठव."

दुकानाची गाडी म्हणजे मशीन न्यायची. ताई आणि आई पुढे मालकांशेजारी, मी मागे एका गिऱ्हाइकाच्या मशीनला मिठी मारून. तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टरच आली.

"सिस्टर, माझ्या बहिणीला जुळी आहेत, तिला ताप आलाय, थंडी वाजतेय..."

"नाव?"

सांगितलं. तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "अंहं. मला नालायक म्हणाली ती का?"

"हो. तीच."

"पोट घट्ट होतंय का मधूनमधून?"

मी पुढे ओरडून विचारलं. ताईनं मान हलवली. मालक म्हणाले, "मघाशी सिग्नलला एकदा झालं, आत्ता पुलावर परत."

"गाडी कुठेही थांबवू नका," सिस्टर म्हणाली. "मी दारात उभी आहे."

'कळलं का बाळ' म्हणाली नाही. मला खरी भीती तेव्हा वाटली.

आता ताईच्या हातात सलाईन, त्यातून जंतूंवरचं औषध. मांडीत एक इंजेक्शन दिलं, ते बाळांच्या फुप्फुसांसाठी. लवकर यावंच लागलं तर श्वास घेता यावा म्हणून. पोटाला दोन पट्टे बांधलेत, त्यातून दोन हृदयांचे आवाज येतात. घोडे पळाल्यासारखे, पण एकाच चालीत नाही. मी जगातला कुठलाही आवाज काढतो. हा काढून बघितला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडापर्यंत गेलंय. बुधवारीच गोळ्या सुरू झाल्या असत्या तर बहुतेक इथवर आलं नसतं. कळा बारीक आहेत, थांबवायचा प्रयत्न करतोय, पण दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही.

सिस्टरनं मला बाहेर बोलावलं. बुधवारी तिनं फोन केला, मग गुरुवारी तीनदा, लागेचना. दाजींचा नंबर लावला, ते रेंजबाहेर. सोमवारी घरी माणूस पाठवणार होती.

"अंहं. तुमच्याकडे माझी नक्कल कोण करतं?"

"मी."

"करून दाखव."

घशातून वाराच निघाला नुसता.

तिनं नळाकडे बोट दाखवलं. "कोपरापर्यंत हात धू. साबण लावून, घाई न करता. मग आत जाऊन तिच्याजवळ बस."

सोमवार, ११ तारीख

दाजी पहाटेच पोचले. ट्रक माल भरलेला तसाच बाहेर रस्त्यावर.

आईला कुणीतरी सांगितलं होतं की हॉस्पिटलचा फोन बुधवारीच येऊन गेला. ती ताईवर सुरू झाली. "फोन आला होता तर सांगायचं नाही? दोन जीव पोटात आणि..."

ताईचे ओठ फुटलेत तापानं. म्हणाली, "माझंच चुकलं. झोपेत होते, कोण बोलतंय ते नीट ऐकलंच नाही. मग डोक्यातून गेलं."

"असं कसं जातं डोक्यातून?"

मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडे बघून मान एवढीशी हलवली. नाही. मी तोंड मिटलं. जे तोंड मास्तरांना मिटवता आलं नाही, आईच्या झाडूला नाही, ते इतकं पटकन मिटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. आणि खरं लिहायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. ते जास्त वाईट.

दाजी नुसते ताईचे तळपाय चोळत होते.

ते दोघं चहाला गेल्यावर मी विचारलं, "का खोटं बोललीस?"

"त्यांनी रात्रभर गाडी चालवलीय. आत्ता इथे आरडाओरडा नकोय मला. मला निजून राहायचंय, बास. तुला बदडून माझा ताप उतरणार आहे का?"

"थोडा उतरेल."

हसली. मग लगेच डोळे घट्ट मिटले आणि माझं मनगट धरलं. पोट दगडासारखं झालं होतं. सुटल्यावर म्हणाली, "काही करायचंच असेल तर घड्याळ बघ. मी सांगीन तेव्हा वेळ लिहून ठेव. सिस्टरला हवंय."

म्हणून 'तक्रार'च्या रकान्यात आज पहिल्यांदा खरी तक्रार लिहिली:

९.१०
९.२२
९.३५
९.४६

मध्ये डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं.

१०.१५
१०.५०
११.४०
१.०५

एक वाजून पाच मिनिटांनंतर मी घड्याळाकडे असा बघत होतो की मालकांनी बघितलं असतं तर पगारवाढ दिली असती. दोन वाजले. तीन वाजले. ताईला झोप लागली. मला वाटलं हे वाईट आहे, धावत जाऊन सिस्टरला आणलं. ती बघून म्हणाली, "अंहं. ही झोपलीय. झोपू दे की."

बुधवार, १३ तारीख

ताप नव्व्याण्णव. पोट सकाळपासून एकदाच घट्ट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून हुरळून जाऊ नका, पण कळा थांबल्यासारख्या दिसतायत. जुळी आतच राहिली तर प्रत्येक आठवडा सोन्याचा. आई बाहेर जाऊन रडून आली आणि येताना सगळ्यांना बिस्किटं घेऊन आली.

दाजी म्हणाले, ताईच्या फोनवर हॉस्पिटलचा नंबर बंद पडलेला दिसतोय, तो आधी मोकळा करू. तिचा फोन घेऊन बंद केलेल्या नंबरांची यादी काढली आणि मग दोन मिनिटं नुसते त्या पडद्याकडे बघत राहिले. ताईनं त्या नंबरला काय नाव दिलं होतं ते मला अजून माहीत नाही. मग दाजींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"चहा घेणार का?" म्हणाले.

दाजी मला कधी चहा विचारत नाहीत. झोप नाही ना बिचाऱ्यांना.

रविवार, १७ तारीख

ताई आता उठून बसते. आई अजून तिला ऐकवतेच. काल मावशीसमोर म्हणाली, "आमची पहिल्यापासून विसराळू." ताईनं ऐकून घेतलं. ताईला पहिलीतल्या बाईंच्या साडीचा रंगसुद्धा आठवतो.

मला ते बघवेना. म्हणून आज ठरवलं, दाजींना सांगून टाकायचं, व्हायचं ते होईल. दाजी रस्त्यावर ट्रकची काच पुसत होते.

"दाजी, एक बोलायचं होतं."

"बोल."

"तो बुधवारचा फोन. ताई विसरली नव्हती. म्हणजे मी..."

दाजी फडका पिळत खाली उतरले. "तू काही बोलू नकोस," म्हणाले. "तू नसतास तर काय झालं असतं? तूच ओळखलंस, तूच धावलास, तूच गाडीत घातलंस." आणि मला मिठी मारली. इतकी घट्ट की बरगडीतून कट् असा आवाज आला. सोडलं, आणि परत एकदा मारली. अजून श्वास घेताना दुखतंय. माणसाची माया असावी तर अशी.

"आता मी सगळ्यांना सांगणार," दाजी म्हणाले. "माझ्या मेहुण्यानं काय केलं ते प्रत्येकाला कळलं पाहिजे."

ताईला येऊन सांगितलं की दाजी ऐकूनच घेत नाहीत, उलट मला हिरो करतायत. ती म्हणाली, "मग हो हिरो. हीच तुझी शिक्षा. कौतुक होईल तेव्हा तोंड मिटून गिळायचं. मी सांगेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही, शपथ घे." घेतली. तिनं पण घेतली.

रविवार, २८ तारीख, पुढचा महिना

इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखे उद्योगच केले नाहीत. दुकानात फोनवर आता आम्ही दोघंच असतो, मालक आणि मी. मालक म्हणतात, पाच माणसांची कंपनी होती, एका आठवड्यात बुडवलीस.

ताईला दहा दिवसांनी घरी सोडलं. मग दर पंधरा दिवसांनी तपासणी. लघवीची बाटली मीच न्यायचो, दोन्ही हातांत धरून, बसमध्ये लोक जागा द्यायचे. सिस्टर आता रिपोर्ट चांगला असला तरी फोन करते, आणि सगळ्याच जुळ्यावाल्यांना करते. नियमच बदलला तिनं. फोन वाजला की आमच्या घरात पंखासुद्धा बंद. पहिल्या वेळी ताईनं विचारलं, "तुम्हीच आहात कशावरून? त्या दिवशी मी काय म्हणाले होते तुम्हाला?"

"अंहं. नालायक."

"हो. तुम्हीच. सांगा."

जंतू नव्हते. पुढच्या वेळीही नव्हते.

आज दुपारी जुळी आली. पस्तीस आठवडे. मुलगी दोन किलो शंभर, मुलगा एक किलो नऊशे. मुलगा जरा गार पडत होता म्हणून उबेच्या पेटीत ठेवलाय, एक-दोन दिवस. दोघंही आपापला श्वास घेतात. मी काचेतून मोजले, मुलाचे साठ, मग परत मोजले, परत. सिस्टरनं हात धुवायला लावले तेव्हा मी खांद्यापर्यंत धुतले. "अंहं. अंघोळच कर ना," म्हणाली.

मुलीनं माझं बोट धरलं. मी काहीतरी विनोद करणार होतो. काय करणार होतो ते विसरलो.

मंगळवार, ३० तारीख

आज मुलगा पेटीतून बाहेर आला. ताईजवळ दोघं, एक इकडे एक तिकडे. बघायला माणसांची रीघ. सिस्टर दारातच प्रत्येकाला हात धुवायला लावते, सर्दीवाल्याला परत पाठवते.

आणि दाजी प्रत्येकाला धरून आणतात माझ्याकडे. "हा माझा मेहुणा. यानंच ओळखलं. सांग रे, कसं कळलं तुला?" मावशी आली, सांग रे. दाजींचे ट्रकवाले दोस्त आले, सांग रे, पहिल्यापासून सांग. आज सकाळपासून अकरा वेळा सांगितलं. मी घामेघूम. मला आयुष्यात कधी एवढं खरं बोलावंसं वाटलं नव्हतं आणि कधी एवढं खोटं बोललो नव्हतो.

संध्याकाळी मालक आले. सिस्टर पण काम टाकून खुर्ची ओढून बसली. "अंहं. मलाही ऐकायचंय." मी बाराव्यांदा सुरुवात केली, की शनिवारी दुकानात बसलो होतो, अचानक मनात शंका आली... तर दाजी म्हणतात, "थांब थांब. चहा ओतताना मालकांनी काय विचारलं, ते राहिलं."

मालकांना एकदम खोकला आला. ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. भरून आलं असणार तिला, एवढं सगळं आठवून.

आता मी इथे बसून विचार करतोय. मालकांच्या प्रश्नाचं मी दाजींना कधीच बोललो नव्हतो. ताई सांगणार नाही, तिनं शपथ घेतलीय आणि ती शपथेची पक्की आहे. मालक पोटात ठेवणारे. म्हणजे दाजींनी आपलं अंदाजानंच विचारलं असणार. चहा ओतताना माणूस काहीतरी विचारतोच. तेवढंच.

म्हणून हे रजिस्टर ज्या कुणाच्या हातात पडेल त्याला, जो कोण असशील, दादा, बाई, काका, हात जोडतो, पाया पडतो. वाचलंस ते वाचलंस, पण कुणाजवळ बोलू नकोस. आईला तर नाहीच. आणि काही झालं तरी दाजींना नको. साधा माणूस आहे, माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकलाय. त्यांना कळलं तर सहन व्हायचं नाही रे त्यांना.